अठरा ग्रॅमची तक्रार

डॉक्टरांनी कॉफी बंद करायला सांगितली, याबद्दल माझी तक्रार नाही. रात्री तीनला जाग येते, उजाडेपर्यंत पुन्हा डोळा लागत नाही, छातीत धडधडतं. त्यांनी नीट तपासलं आणि योग्य तेच सांगितलं. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. ‘कॉफी बंद’ एवढं एका ओळीत लिहून झालं की सगळ्यांच्या लेखी विषय संपतो. घरी एस्प्रेसो करणाऱ्या माणसाचा मात्र तो तिथे सुरू होतो. ती सोडायची कशी, याची धड सोय कुणीही केलेली नाही. रत्नागिरीत तर नाहीच नाही.

मुळात लोक धरून चालतात की मला एक पेय सोडायचं आहे. तेवढंच असतं तर मी ते केव्हाच सोडलं असतं. मला सोडायचं आहे सकाळचं एक काम. उठल्याबरोबर मशीन तापत ठेवायचं. अठरा ग्रॅम बिया तोलून दळायच्या. बास्केटमधल्या गुठळ्या सुईने मोडून दळण सारखं पसरायचं आणि टॅम्परने सपाट दाबायचं. मग नऊ बार दाबाखाली साधारण ९३ अंशांचं पाणी त्यातून जातं, आणि पंचवीस ते तीस सेकंदांत छत्तीस ग्रॅम कॉफी उतरते की नाही, यावर नजर ठेवायची. फार लवकर उतरली तर ती आंबट लागते, रेंगाळली तर कडू. मग ग्राइंडरची खूण केसभर सरकवायची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात ही खूण एका जागी टिकत नाही. सकाळी बसवलेलं माप दुपारच्या दमट हवेत चालत नाही. शॉट अर्ध्यावर असताना वीज गेली की ते अठरा ग्रॅम थेट नारळाच्या अळ्यात. हे सगळं हाताला शिकवायला वेळ लागतो. ते जमलं याचा मला आनंद आहे, अभिमानही आहे. आणि आता तेच बंद करायचं आहे.

‘एकदम नको, हळूहळू कमी करा’ असं सगळे सांगतात. सल्ला शास्त्राला धरून आहे. मेंदूत दिवसभर ॲडेनोसीन साठत जातं, त्याने झोप येते. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. रोज कॉफी पिणाऱ्याचा मेंदू मग तशा जागा वाढवून घेतो, आणि कॉफी अचानक थांबली की त्या सगळ्या एकदम मोकळ्या होतात. बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, पहिल्या दोन दिवसांत ते सर्वांत जास्त दुखतं, आणि हा त्रास आठवडाभरही चालू शकतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानग्रंथात त्याची विकार म्हणून नोंद केली आहे. तेव्हा ‘डोकं काय दुखतंय, मनाचे खेळ आहेत’ असं घरात कुणी म्हणू नये, एवढी माझी विनंती आहे.

पण हळूहळू म्हणजे कसं? पातेल्यात कॉफी करणारा माणूस चमचा अर्धा करतो आणि मोकळा होतो. एस्प्रेसोची बास्केट ठरावीक वजनासाठी घडवलेली असते. अठरा ग्रॅमच्या बास्केटमध्ये नऊ ग्रॅम घातलं की दळणाचा थर पातळ होतो, वर पोकळी राहते, पाणी दाबाने एखादी फट शोधून तिथूनच धावतं, आणि कपात एकाच वेळी आंबट आणि कडू असं काहीतरी उतरतं. लहान बास्केट मिळते, पण तिच्यासाठी दळणाचं माप पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागतं. म्हणजे कॉफी कमी करायची तर आधी मापं बसवण्यात कितीतरी जास्त कॉफी घालवायची. व्यसनमुक्तीची असली पद्धत मला मान्य नाही.

दुसरा मार्ग निम्म्या डिकॅफ बिया मिसळण्याचा. कॅफीन पहिल्यांदा वेगळं काढलं ते रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ मध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस या कॉफीव्यापाऱ्याने बियांतून कॅफीन काढायचा कारखानदारी मार्ग शोधला. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तरीही माझ्या गावातल्या एकाही दुकानात मला ताज्या भाजलेल्या डिकॅफ बिया मिळालेल्या नाहीत. दुकानदाराला विचारलं तर तो बिनसाखरेची कॉफी पुढे करतो. आपल्याकडचे मोजकेच रोस्टर डिकॅफ भाजतात, आणि त्यातले काही पाकिटावर भाजल्याची तारीख छापतच नाहीत. साध्या बिया भाजल्यावर चार-सहा आठवडे उत्तम राहतात. डिकॅफ त्याहून लवकर शिळी होते, कारण कॅफीन काढताना बी आधीच भिजून, सुकून पोचट झालेली असते. म्हणजे जिला तारीख हवी तिलाच ती नाही. दळतानाही ती वेगळी वागते. लवकर तुटते, तिची बारीक भुकटी जास्त पडते. साध्या बियांबरोबर एकाच ग्राइंडरमध्ये टाकली तर दोघींसाठी एकच माप कसं चालणार?

याहून मला लागतो तो तिचा प्रवास. भारतातली जवळजवळ सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. बाबाबुडनगिरी, जिथे सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनमधून आणलेल्या बिया लावल्याचं सांगतात, ती याच सह्याद्रीची दक्षिणेकडची रांग. आमच्या पाठीशी उभा असलेला डोंगर तसाच खाली गेला की कॉफीचे मळे लागतात. कोकण रेल्वेही रोज मंगळुरूकडून इथे येते. आणि माझं पाकीट? ते मुंबईला जातं, तिथे कुठल्यातरी गोदामात पडून राहतं, आणि मग उलटं रत्नागिरीला येतं. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की आणखी थांबतं.

आता शेजारपाजारचा सल्ला. ‘त्यापेक्षा चहा घ्या.’ हे ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण चहातही कॅफीन असतं. कपाला साधारण चाळीस मिलिग्रॅम, पत्ती उकळू दिली तर आणखी. सकाळपासून चार घरी चार कप घेतले की माझ्या एका दुहेरी शॉटपेक्षा ते जास्त होतं. कॅफीन शरीरातून निम्मं उतरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही निम्मा अंगात असतो. हे मी सांगते. काकू ऐकून घेतात, ‘बरं, मग अर्धा कप घ्या’ म्हणतात आणि कप भरून आणतात.

जायफळाच्या कॉफीबद्दल तर कुणी ऐकूनही घेत नाही. साखरपुडा असो, डोहाळजेवण असो की रात्रीचं भजन, दूध आटवून, साखर आणि जायफळ घालून केलेली ती दाट कॉफी आली की कोकणात नाही म्हणता येत नाही. मला ती मनापासून आवडते. जायफळही इथलंच. नारळी-पोफळीच्या सावलीत ते उत्तम होतं, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा त्याच्या जाती दिल्या आहेत. जायफळाने झोप येते असं आपण पिढ्यान् पिढ्या मानतो, म्हणून ती कॉफी बाधत नाही अशी सगळ्यांची ठाम समजूत आहे. पण त्यात चमचाभर इन्स्टंट पावडर असेल तर साठेक मिलिग्रॅम कॅफीन असतंच. तसे दोन कप म्हणजे माझा एक दुहेरी शॉट. तरी त्यांची कॉफी पाहुणचार आणि माझी कॉफी व्यसन, कारण माझ्या ओट्यावर मशीन दिसतं. हा न्याय मला पटत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला चारशे मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं सांगितलं. त्यात मशीनवाल्यांसाठी वेगळा आकडा नाही.

गावातून मिळालेला एकच सल्ला खरोखर कामाचा निघाला. आपल्याकडे पावसाच्या सुरुवातीला टाकळ्याची भाजी करतात. पुढे त्याच्या शेंगा सुकल्या की आतल्या बिया खरपूस भाजून, कुटून त्याची कॉफी करायची जुनी रीत आहे. कॅफीनचा त्रास नाही, वास खमंग, चव कडसर आणि प्रामाणिक. मी ती पिते. पण तिला पातेलंच लागतं. त्या टणक बिया माझ्या ग्राइंडरमध्ये घालायला मी धजणार नाही. म्हणजे पेयाची सोय झाली, हातांची झाली नाही. हेच मी पहिल्यापासून सांगते आहे.

आणि मशीनचं काय करायचं? ‘झाकून ठेवा’ म्हणतात. समुद्रापासून एवढ्या जवळ यंत्र झाकून ठेवता येत नाही. खाऱ्या, दमट हवेत ग्राइंडरच्या पोलादी पात्यांवर गंज चढतो. बॉयलरमधलं पाणी साचून राहिलं तर त्याला वास येतो, रबरी गॅस्केट कडक होते. म्हणून ते अधूनमधून तापवायचं, पाणी खेळवायचं, ग्राइंडरमधून थोड्या बिया काढायच्या. ज्याच्यापासून लांब राहायचं त्याचीच सेवा करायची. विकावं म्हटलं तर येणारे विचारतात, एका वेळी किती कप होतात? एक किंवा दोन, असं सांगितलं की परत फिरतात.

घरी येणाऱ्यांना मात्र माझ्या हातची कॉफी हवी असते. मुंबईहून गाडीने भाचेमंडळी उतरली की पिशवी ठेवायच्या आत ‘मावशी, एस्प्रेसो’. मी आनंदाने करते. पण चाखल्याशिवाय माप बसवायचं कसं? बाहेरून फेसाचा रंग बघून अंदाज येतो, खात्री होत नाही. कॉफी पारखणारे व्यावसायिक लोक दिवसभर चमच्याने चव घेतात आणि घोट थुंकून टाकतात. मीही तेच करते. मोरीशी उभी राहून घोट तोंडात फिरवते, टाकते, चूळ भरते आणि खूण सरकवते. सासूबाईंना हे बघवत नाही. अन्न थुंकू नये, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. माझं म्हणणं एवढंच की दुसरा मार्ग असेल तर मला कुणीतरी दाखवावा.

तोवर माझ्या मागण्या साध्या आहेत. डिकॅफच्या प्रत्येक पाकिटावर भाजल्याची तारीख छापा. शंभर ग्रॅमची पाकिटं करा. पाव किलोचं पाकीट कॉफी सोडणाऱ्या माणसाकडे शिळं होणारच. डॉक्टरांनी ‘बंद’ लिहिताना खाली किती आठवड्यांत किती मिलिग्रॅम कमी करायचं, तेही लिहावं. आणि ज्यांच्या घरी मी पुढच्या आठवड्यात केळवणाला जाणार आहे, त्यांनी माझ्यापुरतं कोकम सरबत करावं. साखर कमी चालेल.