सेटवाले सर

इंग्रजीच्या मास्तरांची एक जात शाळेतून निवृत्त होते, पण वर्गातून होत नाही. आमच्या सोसायटीतले सर त्या जातीचे. त्यांना व्युत्पत्तीचा नाद आहे, त्यातही 'सेट' या क्रियापदाचा. माहिती अगदी खरी, फक्त ती सांगायची वेळ कधी बरोबर साधल्याचं ऐकिवात नाही.

गणपतीचीच गोष्ट घ्या. मंडपवाला म्हणाला, "चौथरा सेट झाला, आता मूर्ती बसवून घ्या." चौघांनी मूर्ती पाटासकट उचलली आणि सरांनी हात वर केला.

"थांबा! एकच क्रियापद दोनदा वापरलंत! आपल्याकडे बसणे, बसवणे, पडणे, पाडणे. तसंच इंग्रजीत सिट आणि सेट. सेट म्हणजे मुळात बसवणे, सिटचं प्रयोजक रूप. म्हणून तर सोनार खडा बसवतो आणि वैद्य हाड बसवतो, इंग्रज दोन्हीकडे सेटच म्हणतो."

"सर, हात भरून आले," पाटाखालून आवाज आला.

"आणि याचं नातं थेट आपल्या संस्कृतशी! सदन, संसद, परिषद, उपनिषद, सगळ्यांचा धातू एकच."

"धातू नको सर," खजिनदार घाईघाईने म्हणाले, "सभेत शाडूचीच ठरलीय."

मूर्ती बसली, पण मुहूर्त टळून गेल्यावर.

आरतीनंतर तळमजल्यावरच्या काकूंनी नव्या टी-सेटमधून चहा आणला. सरांनी बशी उचलून डोळ्यांपुढे धरली. "वहिनी, हा सेट तो नव्हे बरं का. हा लॅटिनमधल्या 'सेक्टा'पासून, जुन्या फ्रेंचमधून आला. अर्थ अनुयायांचा गट, पंथ. इंग्रजीतला सेक्ट याचा सख्खा भाऊ." काकूंनी कपबशांच्या त्या पंथाकडे पाहिलं, मग सरांच्या कपातल्या सायीकडे, आणि चहा परत गरम करायला नेला.

शाळेत म्हणे पोरांनाही सेट आवडायचा, कारण तिन्ही रूपं सारखीच: सेट, सेट, सेट. नापास व्हायला वावच नाही. त्यातलीच काही पोरं पुढे 'अमेरिकेत सेट झाली' आणि सरांच्या कपाळावर कायमची आठी देऊन गेली. "माणूस सेटल होतो," ते कळवळून सांगतात, "सेट होतं ते दही!" यावर पोरांचे आईबाप काय बोलणार? बर्फी वाटून निघून जातात.

पण सरांचा खरा अभिमान वेगळाच. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली निघाली, 20 खंडांची. तीत सगळ्यांत लांब नोंद होती सेट या क्रियापदाची: 430च्या आसपास अर्थ आणि 60,000 शब्द. हे आकडे सर असे सांगतात, जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे.

त्या सातबाऱ्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीने घाला घातला. मोबाइल पुढे करून ती गोडपणे म्हणाली, "आजोबा, कोशाची नवी आवृत्ती तयार होतेय ना, त्यात 2000 साली 'मेक' पुढे गेला, 2007 मध्ये 'पुट'. आणि 2011 पासून 'रन'. क्रियापदाचेच 645 अर्थ."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच राहिला.

"सेटची फेरमोजणी होऊ दे," ते म्हणाले, "मग बघू." आणि घरी गेले.

आठवडाभर सोसायटीत लोक बिनधास्त सेट म्हणत होते. टीव्ही सेट, मोबाइल सेट, अगदी सेटिंगसुद्धा. सर बाकावर मुकाट बसून. खरं सांगायचं तर आम्हालाच चैन पडेना.

मग रविवारी मुलांचं क्रिकेट रंगात आलं. फलंदाजाने चेंडू टोलवला, "रन! रन!" असा ओरडा झाला आणि सर तरातरा खेळपट्टीच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"अरे, यातही तेच आहे! जुन्या इंग्रजीत धावणं वेगळं आणि धावायला लावणं वेगळं. पुढे दोन्ही एकाच 'रन'मध्ये मिसळली..."

धावणारा पोरगा त्यांना चुकवायला गेला, अडखळला आणि यष्ट्या उडाल्या. आउट की डेड बॉल, यावरून दोन्ही संघ हमरीतुमरीवर आले. शेवटी निवाडा सरांवर सोपवला. सरांनी घसा खाकरला.

"आधी 'आउट'चा मूळ अर्थ पाहू."