दुधी काच

फ्लॅटचा ताबा मिळायला अजून दीड वर्ष असतं, बिल्डरचा आठवा स्लॅब पडायचा असतो. पण थ्रीडी गृहस्थाचं बाथरूम तयार असतं. लॅपटॉपवर. २००६ साली गुगलनं 'स्केचअप' विकत घेऊन त्याची फुकट आवृत्ती काढली, आणि पुण्यात या जमातीला बरकत आली. इंटिरिअरवाल्याची फी वाचते, वर त्याला अक्कल शिकवता येते.

हॉल, किचन, देवघर याने एका शनिवारात उरकलेलं असतं. घोडं अडतं ते शॉवरच्या काचेपाशी. काच दुधी हवी. कारखान्यात ती सोपी असते: वाळूचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत केला, की प्रकाश विखुरतो आणि पलीकडच्या माणसाचा नुसता आकार उरतो. सॉफ्टवेअरात वाळू नाही, ओपॅसिटीची पट्टी आहे. ती सरकवली की काच विरलेल्या धोतरासारखी होते. पलीकडचं फिकट दिसतं, पण दिसायचं ते सगळं दिसतं. मग यूट्यूबवरचा कुणी गुरू सांगतो, की ओपॅसिटीचा नाद सोड, रेंडरिंगमध्ये 'रफनेस' वाढव. हा वाढवतो. एकेका किरणाला शंभर वाटा फुटतात, लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो, आणि पहाटेपर्यंत चित्रावर रवाच राहतो.

काच पुरेशी दुधी झाली का, हे ठरवायला आत कुणीतरी हवं. म्हणून स्केचअपमध्ये उंचीच्या अंदाजासाठी जो माणूस आयता उभा असतो, त्यालाच हा शॉवरखाली नेतो आणि सकाळी चहाबरोबर घरच्यांना दाखवतो.

"हा कोण मेला आपल्या मोरीत?" आई विचारते. "आणि कपडे घालून अंघोळ करतोय?"

बायको चित्र नीट बघते. "अरे, हे दार उघडलं की कमोडवर आपटणार." पाच बाय सातच्या त्या जागेत याने दार कधी उघडूनच पाहिलेलं नसतं. बादली कुठे, हा तिचा पुढचा प्रश्न. बादली रेंडरला शोभत नाही, असं तो बोलून जातो. टँकरच्या दिवसांत काय रेंडरनं अंघोळ करायची, यावर त्याच्याकडे उत्तर नसतं.

यथावकाश ताबा मिळतो. काचवाला येतो, एकशे बारा रेंडर शांतपणे बघतो आणि विचारतो, "साहेब, खरबरीत बाजू आत की बाहेर?"

गृहस्थ गप्प. काचवाला खिशातून नमुन्याचा तुकडा काढतो, ओलं बोट खरबरीत बाजूवर फिरवतो. बोट फिरलं तेवढी काच आरपार. "आत ठेवली तर पाणी पडलं की सगळा सिनेमा."

"थांबा, मी फाइलमध्ये पाणी टाकून बघतो."

"ते बघा सावकाश. आधी भोकांची मापं द्या. काच एकदा टफन झाली की भोक पाडता येत नाही, फुटते. बिजागऱ्यांची दिसली. हँडल कुठाय?"

गृहस्थ मॉडेल चारी बाजूंनी फिरवून बघतो. वरून बघतो, खालून बघतो. हँडल नाही.