नऊशे पेशी आणि दोन पिंजरे

बारावीला पीसीबी घेऊन गणिताला कायमचा रामराम ठोकलेली मुलं पुढे जीवशास्त्रात छान रमतात. पेशी रंगवतात, जीवाणू वाढवतात, उंदरांना नावं देतात (आणि निकाल मनासारखे आले नाहीत, की नावं ठेवतातही). मग पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये एके सकाळी फळ्यावर सिग्मा उमटतो आणि वर्गातले चेहरे उतरतात.

भीती असते सूत्रांची, आणि ती अगदीच अनाठायी. सूत्रं संगणक सोडवतो. त्याच्यात काहीही कोंबा, तो निमूटपणे चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतो. पंचाईत असते ती त्याच्याही आधीची. मोजायचं कशाला, आणि ‘एक’ म्हणायचं ते नेमकं कशाला?

“सर, फक्त पी काढून द्या,” म्हणत कुणीतरी संख्याशास्त्राच्या सरांसमोर लॅपटॉप उघडते.

“नमुने किती?”

“नऊशे पेशी!”

“अगं, पण उंदीर किती?”

आवाज जरा खाली येतो. “सहा. तीन औषधाचे, तीन कंट्रोल.”

“आणि पिंजरे?”

“दोनच, सर. गोंधळ नको म्हणून औषधाचे सगळे एकात ठेवले.”

नऊशेचे सहा झाले, सहाचे दोन. शेअर बाजारसुद्धा इतक्या झटपट कोसळत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात. पण नेमक्या त्याच कारणाने त्या पातेल्यातली दीडशे शितं चिवडली, तरी शेजारच्या घरी भात कसा झालाय ते कळत नाही. एका उंदराच्या दीडशे पेशी म्हणजे एकच पातेलं. त्यात एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, आतड्यांतले जंतू वाटून घेतात. मग दिसलेला फरक औषधाचा की पिंजऱ्याचा, हे कोण सांगणार? पर्यावरणशास्त्रातले प्रयोग तपासून स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या प्रकाराला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असं भारदस्त नाव दिलं. बारसं थाटात झालं. बाळ अजून दणदणीत वाढतंय.

प्रयोगाच्या आखणीची गाजलेली गोष्ट मात्र चहाची आहे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शैवालतज्ज्ञ बाई होत्या. कपात आधी दूध ओतलंय की चहा, हे आपण चवीवरून ओळखतो, असा त्यांचा दावा होता. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यावर प्रयोग बेतला, आणि 1935 च्या आपल्या पुस्तकात प्रयोगाची आखणी समजावली ती याच उदाहरणाने: आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. नुसत्या नशिबाने सगळे बरोबर येण्याची शक्यता, म्हणजेच मघाचा ‘पी’, सत्तरात एक. कप सहाच असते तर विसात एक. म्हणजे आपल्या लॅपटॉपवाल्या मुलीचे सहाही उंदीर वेगवेगळ्या पिंजऱ्यांत राहिले असते, तरी तिची कमाई सहा कपांएवढीच झाली असती.

विसात एक म्हणजे 0.05. निकाल ‘लक्षणीय’ मानण्याची ही मर्यादा फिशर यांनी 1925 मध्ये सोयीची म्हणून सुचवली होती. आपण तिची वेस केली. 0.051 आलं, की पेपरात ते ‘लक्षणीयतेकडे झुकलेलं’ असतं. 0.049 आलं, तर ते उलट दिशेला झुकलंय असं लिहिणारा मात्र माझ्या वाचनात नाही.

फिशर यांना ही लॅपटॉपवाली मंडळी चांगलीच ठाऊक असावीत. 1938 च्या जानेवारीत कोलकात्यातल्या संख्याशास्त्र परिषदेत ते म्हणाले होते, की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला गाठणं म्हणजे त्याच्याकडून पोस्टमार्टेम करून घेणं. फार तर प्रयोग कशाने गेला ते तो सांगेल.

सरांनी ही गोष्ट सांगितली, तेव्हा मुलगी शांतपणे चार्जर शोधत होती.

“चालेल, सर. पण पोस्टमार्टेमचा रिपोर्ट शुक्रवारपर्यंत मिळेल ना? सोमवारी गाइडना दाखवायचाय.”