डुआयडी : लक्षणे, निदान आणि उपचार

एकाच माणसाने एकाच समूहात दोन किंवा अधिक नावांनी वावरणे, याला मराठी आंतरजालावर डुप्लिकेट आयडी, आणि लाडाने डुआयडी, म्हणतात. टोपणनावाशी त्याची गल्लत करू नये. राम गणेश गडकऱ्यांनी कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिल्या आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. पण गोविंदाग्रजांच्या कवितेला बाळकरामाने ‘निःशब्द! और येऊ द्या’ असा प्रतिसाद दिल्याची नोंद नाही. डुआयडीचा जन्म नेमका याच कामासाठी होतो.

लक्षणे ठळक असतात. सदस्य कालच दाखल झालेला असतो, पण त्याला चार वर्षांपूर्वीची भांडणे तोंडपाठ असतात. मूळ आयडी वादात हरू लागला की हा पाच मिनिटांत हजर होतो. ‘मी यांना ओळखत नाही, पण’ ही त्याची नांदी. दोघे एकाच वेळी जेवायला जातात आणि एकाच वेळी परततात.

निदानाच्या पद्धती तीन. पहिली तांत्रिक. विकिपीडियावर खात्यांचे आयपी पत्ते ताडून पाहण्याचे ‘चेकयूजर’ नावाचे साधन मोजक्या विश्वासू सदस्यांच्या हाती असते. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाने पैसे घेऊन लेख लिहिणाऱ्या एका टोळीची ३८१ खाती एकदम बंद केली. दुसरी पद्धत भाषिक : दोघेही ‘कि’ ऱ्हस्व काढतात, म्हणजे दोघे एकच. या कसोटीने निम्मा महाराष्ट्र एकच इसम ठरतो.

तिसरी पद्धत जिव्हाळ्याची, आणि सर्वांत भरवशाची. अमेरिकेतील ‘होल फूड्स’चे प्रमुख जॉन मॅकी हे पत्नीच्या ‘डेबोरा’ या नावाची अक्षरे फिरवून ‘राहोडेब’ झाले आणि याहूच्या शेअर-चर्चेत अनेक वर्षे स्वतःच्या कंपनीचे गोडवे गात, ‘वाइल्ड ओट्स’ या प्रतिस्पर्ध्याला नावे ठेवत राहिले. २००७ साली तीच कंपनी विकत घेताना हे उघड झाले. राहोडेबला मॅकींची केशरचनाही आवडत असे. २०१८ साली फिलाडेल्फियाच्या बास्केटबॉल संघाचे प्रमुख ब्रायन कोलँजेलो यांची बाजू घेणारी पाच निनावी ट्विटर खाती सापडली. त्यांतल्या एकाने साहेबांच्या शर्टाच्या कॉलरचेही समर्थन केले होते. पत्रकारांनी संघाकडे मुद्दाम फक्त दोन खात्यांची चौकशी केली, तर त्याच दिवशी उरलेल्या तीन खात्यांनीही दारे लावून घेतली. धोरणाला पाठिंबा परकाही देतो. केस आणि कॉलर यांची चिंता घरातच वाहिली जाते.

घरात नेमके कोण, हा मात्र वेगळा प्रश्न. कोलँजेलोंचे पद गेले, पण ती खाती पत्नीची निघाली. उलट २०१० साली ब्रिटिश इतिहासकार ऑर्लँडो फायजेस यांच्यावर अ‍ॅमेझॉनवर निनावी परीक्षणे लिहून स्वतःची स्तुती व इतरांची निंदा केल्याचा संशय आला, तेव्हा आधी वकिली इशारे निघाले, मग पत्नीचे नाव पुढे आले आणि शेवटी ती आपणच लिहिल्याचे त्यांनी कबूल केले.

या विकाराची गुंतागुंत म्हणजे संशय. तो एकदा जडला की कोणाचेही एकमत संशयास्पद वाटू लागते. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकच आयपी पत्ता वाटून देतात, हे संशयिताला पटते, संशय घेणाऱ्याला पटत नाही. आरोप नाकारला तर ‘चोराच्या मनात चांदणे’. गप्प राहिले तर मूक कबुली. समूह सोडला तर पुरावा. आणि तिसरा कोणी मधे पडला तर तो तिसरा डुआयडी. अशा रीतीने तपास पुरा होईतो समूहात संशय घेणारा आणि त्याचे विरोधक असे दोनच इसम उरतात.

उपचार दोन. खाते उडवणे हा पहिला. त्याचा गुण दुसऱ्या दिवशी ‘मी इथे नवीन आहे’ अशी ओळख येईपर्यंत टिकतो. दुसरा, माणसे न मोजता मुद्दा तपासणे. चुकीचा मुद्दा पाच जणांनी मांडला काय आणि एकाने पाच नावांनी मांडला काय, उत्तर एकच पुरते. हा उपचार खात्रीचा आहे. पण त्याने समूहाची करमणूक बंद पडते, म्हणून तो फारसा वापरात नाही.