निवांतराव

प्रत्येक सोसायटीत एक निवांतराव असतात. निवृत्त, मुलं परदेशी, गुडघे अजून शाबूत. ट्रॅव्हल कंपनीबरोबर युरोप एकदा 'सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर' या शिस्तीत उरकलेला. तेव्हाच त्यांनी कानाला खडा लावला: ग्रुप टूर बंद. "आम्ही दोघंच जातो. एकच ठिकाण. घाई नाही, गडबड नाही. एकदम निवांत!" लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला हे तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकावंच लागतं.

ग्रुप टूर सुटली, टूर मॅनेजर मात्र त्यांच्या अंगातून उतरलेला नाही. यंदाचं बेट होतं ग्रीसमधलं सँटोरिनी. चार महिने आधी एक्सेल शीट तयार झाली. त्यात 'निवांत वेळ' असा खास रकाना होता: दुपारी ३.१० ते ३.५५. वहिनींना त्याची लॅमिनेट केलेली प्रत मिळाली.

पहिला मान अक्रोतिरीचा. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेलं हे गाव. १९६७ साली स्पिरिडॉन मारिनातोस यांनी इथं उत्खनन सुरू केलं, तेव्हा दुमजली-तिमजली घरं, रस्त्याखालची गटारं, धान्याचे रांजण असं सगळं निघालं. माणसांचे सांगाडे मात्र निघाले नाहीत. आधीच्या भूकंपांवरून सावध होऊन लोक वेळेत निघून गेले असावेत, असं तज्ज्ञ मानतात. निवांतरावांना हे गाव पाहताक्षणी आवडलं. "बघ, याला म्हणतात वेळेवर चेकआउट! नाहीतर तू. परवा विमानतळावर जायची वेळ झाली तरी तुझा चार्जर सापडत नव्हता."

"अहो, त्यांचंही राहिलंच की," वहिनी शांतपणे म्हणाल्या. सोन्याचा एक छोटासा रानबोकड १९९९ साली तिथं पेटीत सापडला. तो फिरा गावातल्या संग्रहालयात आहे, हे त्यांनी एक्सेल शीट न बघता वाचलं होतं. "घाई करणारा कुणीतरी तिथंही असणार."

वाइनरीत निवांतरावांना कंठ फुटला. ते मूळचे तासगावचे, चुलतभावांच्या द्राक्षबागा अजून उभ्या आहेत. इथं पाहतात तर मांडव नाही, तारा नाहीत! वेली जमिनीलगत गोल गोल वळवून त्यांच्या टोपल्या केलेल्या, आणि घड टोपलीच्या पोटात. बेटावरचा वारा आणि ऊन फळाला लागू नये म्हणून ही तजवीज. पाऊस बेताचा, समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या ओलीवर बरीचशी मदार. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीनं युरोपातले मळे साफ केले, पण इथल्या ज्वालामुखीच्या मातीत तिची डाळ शिजली नाही, अशी माहिती तिथली मुलगी सांगत होती.

"ते ठीक आहे," निवांतरावांनी तिला मधेच थांबवलं, "पण खरड छाटणी कधी? गोड छाटणी कधी?" मग एप्रिल कटिंग, ऑक्टोबर कटिंग असं इंग्रजी करून सांगितलं. छाटणी हिवाळ्यात एकदाच होते, असं ती म्हणाली. निवांतरावांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की पोरीला आपलीच बाग नापास झाल्यासारखं वाटलं असणार.

मग चव घ्यायला 'अॅसिर्टिको' वाइन आली. शेजारी थुंकायचं भांडं. "पैसे घेतलेत ना? मग थुंकायचं कशाला?" एवढं बोलून त्यांनी ग्लास रिकामा केला आणि घड्याळ पाहिलं. द्राक्षं उन्हात वाळवून केलेली गोड 'व्हिनसांतो' वहिनींनी जिभेवर घोळवत घोळवत घेतली. "उन्हात? आम्ही बेदाणा सावलीत वाळवतो," निवांतराव म्हणाले. "चला, ३.५५ झाले."

वहिनी उठल्या नाहीत. "तुम्ही व्हा पुढे. मी बसलेय."

निवांतराव खरंच पुढे झाले, कारण इया गावातला सूर्यास्त गाठायचा होता. जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंतीशी रोज संध्याकाळी ही गर्दी. दोन तास आधी पोचून त्यांनी कठड्यावर रुमाल टाकला, पलीकडे पाण्याची बाटली आणि दोहोंच्या मधे टोपी. एक इटालियन जोडपं रुमाल सरकवून बसू लागलं, तेव्हा त्यांनी "सीट इज टेकन" असं इतक्या जरबेनं सांगितलं की एसटीतला मुरलेला प्रवासीही उभा राहिला असता. वहिनी सूर्य टेकता टेकता, रमतगमत आल्या आणि रुमालावर बसल्या.

रात्री जेवायला तिथली प्रसिद्ध 'फावा' होती. पिवळी डाळ घोटून वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्याच नात्यातली ही डाळ. "साधं वरण आहे हे," निवांतरावांनी निकाल दिला, "हिंगाची फोडणी विसरलेत." वहिनींनी दुसरी वाटी मागवली.

परतल्यावर सोसायटीच्या गच्चीवर फोटोंचा कार्यक्रम झाला. निवांतपणाचं वेळापत्रक पाहून लोक भारावले आणि पुढच्या वर्षी बरोबर यायला अठरा जण तयार झाले. निवांतरावांनी लगेच खोल्यांच्या याद्या केल्या आणि एका रंगाच्या टोप्यांची ऑर्डरही दिली. 'आम्ही दोघंच' या व्रताचं काय, असं विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

यादीत पहिलं नाव वहिनींचं आहे. ते त्यांनी स्वतःहून लिहिलंय. "हे त्या अठरा जणांच्या मागे लागतील," त्या म्हणाल्या, "मग मला बसू देतील."