विषयाबाहेर

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला ज्याला कुणी विचारत नाही, त्याने एखाद्या मदतगटाचं ॲडमिनपद घ्यावं. हौस तेवढीच भागते आणि पाण्याच्या टाकीची कटकट नसते. कॉम्प्युटरवर मराठी लिहिताना अडलेल्यांसाठी आमचा टेलिग्रामवर एक गट आहे. डीटीपीवाले, प्रेसवाले, शाळामास्तर, दिवाळी अंकवाले आणि नेमके कशाला आलेत ते ठाऊक नसलेले बरेच. जुने ॲडमिन लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांनी गट माझ्या हवाली केला. मी गटात कधी बोलत नसे, त्यावरून मी समंजस असेन असं त्यांना वाटलं.

सत्ता हाती येताच मला स्टॅक ओव्हरफ्लो आठवलं. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी २००८ साली सुरू केलेलं हे प्रोग्रामरांचं शंकासमाधान. तिथली शिस्त मला फार आवडते. प्रश्न प्रोग्रामिंगचाच हवा. सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी सर्व्हर फॉल्ट आणि घरचा कॉम्प्युटर रुसला तर सुपर यूजर, ही दोन वेगळी बिऱ्हाडं २००९ मध्येच थाटली. ‘कोणती भाषा शिकू?’ असले ज्याच्या-त्याच्या मताचे प्रश्न वर्षानुवर्षं बंद असत. प्रश्नात नमस्कार-चमत्कार, आभार लिहिलेत तर कुणीतरी येऊन ते छाटून जातं. आणि ज्याच्या खात्यात ३००० गुण आहेत, त्याला दुसऱ्याचा प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येतं. माझे तिथे तेवढे गुण कधी झाले नाहीत. इथे मात्र गुणांची अटच नव्हती.

रात्री बसून नियमावली केली. नियम १ : फक्त युनिकोड मराठी टायपिंग. नियम २ : शुभ सकाळ, धन्यवाद, गुलाबाची फुलं बंद. नियम ३ : ‘कोणता लॅपटॉप घेऊ?’ बंद. नियम ४ : शुद्धलेखनाचे प्रश्न बंद. सोबत एरिक रेमंड आणि रिक मोएन यांचा, प्रश्न शहाण्यासारखे कसे विचारावेत याबद्दलचा प्रसिद्ध लेखही वर टांगला. प्रश्न टाकण्याआधी योग्य ठिकाण निवडा, असं त्यात बजावलं आहे. दुपारी एका प्रेसवाल्यांनी विचारलं, “हे रेमंडसाहेब प्रिंटरचं बघतात का?” मी कपाळावर हात मारला. लेखकद्वयीला मात्र याचं नवल वाटलं नसतं. ‘आम्ही कुणाचा मदत कक्ष नाही’ अशी पाटी त्यांना त्या लेखातच लावावी लागली आहे.

एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “दिवाळीच्या शुभेच्छा युनिकोडमध्ये टाइप केल्या, तर त्या नियम १ मध्ये बसतात की नियम २ मध्ये?” मी संध्याकाळभर विचार केला आणि गुरुजींना सहॲडमिन करून टाकलं. त्यांनी यापुढे असले प्रश्न इतरांना विचारावेत, एवढाच हेतू.

मग न्यायदान सुरू झालं.

“जुन्या फॉन्टमधली फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात.”

“जुना फॉन्ट म्हणजे युनिकोड नव्हे. विषयाबाहेर.”

“मग ती युनिकोडमध्ये कशी आणू?”

“हा प्रश्न चालेल.”

“तोच तर विचारत होतो, सर.”

त्याच आठवड्यात एका केटरिंगवाल्यांनी विचारलं, “बिलात ‘आचाऱ्यांची मजुरी’ लिहायचंय, कॉम्प्युटर ‘आचार्यांची मजुरी’ लिहितो. गिऱ्हाईक विचारतं, पंगतीला प्रवचन पण आहे का?” मी क्षणाचाही विलंब न लावता कुलपाचं चित्र टाकलं : नियम ४, शुद्धलेखन, विषयाबाहेर. ते “बरं सर” म्हणाले. आभार मानले नाहीत. शिस्त मुरत होती.

पुढे पावसाळ्यात आमच्या भटक्या मंडळींचं पत्रक माझ्याकडे आलं. एरवी मी फोनवर लिहितो, तिथे फोनच शब्द सुचवतो. या वेळी रुबाबात कॉम्प्युटरवर बसलो. ‘सह्याद्रीच्या दऱ्यांतून भटकंती’ असं लिहिलं, ते ‘दर्यांतून’ होऊन छापून आलं. पहिलाच फोन एका आजोबांचा : “बोटीचं भाडं धरलंय का यात?”

आता विचारायचं कुठे? बिघाड कीबोर्डचा, फॉन्टचा, वर्डचा, प्रेसचा की माझ्या शुद्धलेखनाचा? खातं कळलं असतं तर अर्धं उत्तर हातात आलं असतं; उत्तरच ठाऊक नाही तर खातं कुठून कळणार? आणि माझ्या चारही नियमांना तर प्रश्नाआधी खातं हवं होतं. शेवटी गटातच शोध घेतला. एकच प्रश्न सापडला, आचाऱ्यांचा. खाली माझं कुलूप.

मी केटरिंगवाल्यांना गुपचूप विचारलं, “दादा, तुमच्या त्या आचाऱ्यांचं पुढे काय झालं?”

“ते लगेच सुटलं की. पुतण्याने दाखवलं. साध्या ‘र’चा पाय मोडला की रफार होतो. त्याऐवजी टिंबवाला ‘ऱ’ घ्यायचा, इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे. त्याचा पाय मोडा, पुढे ‘या’ लिहा. झालं.”

युनिकोडमध्ये या ‘ऱ’ला स्वतःचा क्रमांकच आहे, यू+०९३१. म्हणजे प्रश्न नियम १ मध्ये चपखल बसत होता.

“मग गटात का नाही टाकलंत?”

“टाकणार होतो. पण म्हटलं, विषयाबाहेर आहे.”

त्या रात्री मी ते उत्तर, पुतण्याच्या नावासकट, स्वतःच गटात टाकलं. सकाळी पाहतो तो गायब. गुरुजींनी नियम ४ दाखवून पुसलं होतं. मी त्यांना लिहिलं, “गुरुजी, नियम मीच केलेत.” त्यांनी उत्तर दिलं, “म्हणून तर पाळतोय. धन्यवाद.” आणि मिनिटाभरात नियम २ प्रमाणे तेही पुसून टाकलं.