पित्याचा जन्म लिस्बनला दफ्तरदाखल करण्याविषयी

पित्याच्या आधारे पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवू इच्छिणाऱ्या गोमंतकीय उमेदवाराने सर्वप्रथम आपला पिता तपासून घ्यावा. तो १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीव येथे जन्मलेला असावा, हयात असल्यास उत्तम, आणि देशभक्त नसल्यास सर्वोत्तम. माझ्या भाच्याचे घोडे या शेवटच्या कलमापाशी अडले आहे. त्याचे वडील, म्हणजे आमचे भावोजी, फोंड्याकडचे निवृत्त मराठी मास्तर असून दर मुक्तिदिनी फिरंगी राजवटीचे वाभाडे काढल्यावाचून जेवत नाहीत. आणि जी राजवट गेल्याबद्दल ते दरसाल पेढे वाटतात, तिच्याच वहीत आपण प्रजाजन म्हणून जन्मलो, हे त्यांनी सहीनिशी कबूल केल्याखेरीज चिरंजिवांची फाईल हलत नाही.

त्यानंतर ‘तेओर’ काढावा. जन्मनोंदीची ही समग्र नक्कल ज्या जुन्या वहीतून उतरवतात, तीत कारकून महाशयांनी प्रभूंचे पोरोबो, कामतांचे कामोतिम आणि शेणव्यांचे सिनाय करून ठेवलेले असल्यामुळे, वहीतला इसम आणि पारपत्रावरचा इसम एकच, असे प्रतिज्ञालेख करून देण्यात उमेदवाराचे तारुण्य खर्ची पडते.

नोंदींचा क्रम चुकवू नये. आधी पित्याचा जन्म, मग मातापित्यांचा विवाह, आणि शेवटी स्वतःचा जन्म, अशा ओळीने लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी दफ्तराला पटवून द्यावे लागते. शिवाय पितृत्व हे सहसा मूल अज्ञान असतानाच सिद्ध झालेले असावे लागते. विवाहाच्या दोन्ही सह्या निबंधकाकडे वेळच्या वेळी झालेल्या असल्यास आईवडिलांना नमस्कार करावा.

दलालाच्या हाती मूळ कागद देऊ नयेत. कधीही देऊ नयेत.

राहता राहिला दुहेरीपणा. पोर्तुगालला त्याचे वावडे नाही. पण आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम, स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीयत्व संपुष्टात आणते. सबब भारतीय पारपत्र परत करावे आणि ओसीआय कार्डावर समाधान मानावे. त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, गणपतीला मात्र येता येते. नुसती लिस्बनला नोंद केली तर काय बिघडते, असे भाचा मला विचारतो. अरे बाबा, उद्या कोणी त्या नोंदीवर बोट ठेवून मास्तरांच्याच मतदार यादीतल्या नावाला हरकत घेतली, तर त्यांना तोंड कोण देणार? तू तर तिकडे इंग्लंडात स्विंडनला असशील! आणि तेही आता सोपे नाही: २०२० साली ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, त्या वर्षअखेरीपासून पोर्तुगीज पारपत्र दाखवून तिथल्या गोदामांत रुजू होण्याचा राजमार्ग बुजला आहे. पण हे त्याला सांगावे कोणी? वास्कोतली नोकरी सुटल्यापासून पोर रात्ररात्र जागते, हे मी पाहतो, म्हणून त्याच्या अर्जाचे मसुदे मुकाट्याने तपासून देतो.

शेवटची सूचना: तेओर हाती येताच पित्याला वाचायला देऊ नये. भावोजी लहानपणी प्राथमिक शाळेत प्रिमेइर ग्रावपर्यंत पोर्तुगीज शिकलेले. त्यांनी चष्मा लावून आपली जन्मनोंद शुद्ध उच्चारांत मोठ्याने वाचली, आजोबांच्या नावात नक्कलकाराने गाळलेले एक अक्षर पेन्सिलीने दाखवले, आणि असला गलथान कागद परदेशी गेला तर घराण्याची अब्रू जाईल, असे बजावून चिरंजिवांना पुन्हा कचेरीत पिटाळले. सहीचे, दुरुस्ती होऊन आल्यावर बघू, असे म्हणाले.